आधी ब्रेक, मग रंग



आपल्या धर्मग्रामातील तरुणांमध्ये एक आवड वाढलेली आम्ही पाहतो. घरामागे लिंबाच्या झाडाखाली किंवा गोठ्याच्या कडेला वर्षानुवर्षे पडून असलेली वडिलांची किंवा काकांची मोटारसायकल बाहेर काढायची, इंजिन खोलायचे, नवा रंग द्यायचा, हँडल बदलायचे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची. याला पैसा लागतो आणि तो आपल्याकडे बेताचाच असतो. कोणी सोयाबीन विकल्यावर थोडा बाजूला काढतो, कोणी दुकानातल्या पगारातून. मग घरात वाद होतो. आई म्हणते, ‘भंगारात पैसे घालू नकोस.’ मुलगा म्हणतो, ‘नवी घेतली तर हप्ते कोण भरणार?’ आणि शेवटी दोघेही म्हणतात, ‘फादर, तुम्हीच सांगा.’

प्रश्न घरगुती आहे, पण त्याच्या पोटात मोठे प्रश्न आहेत. जुन्या वस्तूचे आपण काही देणे लागतो का? किती बदल केल्यावर वस्तू तीच राहत नाही? आणि पैसा थोडा असताना तो आधी कुठे घालावा? या तिन्ही प्रश्नांवर आज थोडा विचार करू. आमचे उत्तर आधीच सांगून ठेवतो. जुनी गाडी सुधारणे हे चांगले काम आहे, मात्र खर्चाचा क्रम चुकला तर त्याच चांगल्या कामातून अनर्थ होतो.

भंगार की दुरुस्ती?

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक तीन वर्षे वाट पाहून कंटाळला आहे आणि झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. मी भोवती खणतो, खत घालतो, मग पाहू, असे त्याचे म्हणणे. हा दाखला आपण देवाच्या धीराविषयी ऐकतो आणि ते बरोबरच आहे. पण माळ्याच्या बोलण्यातील दुसरा भाग आपण विसरतो. त्याने मुदत घातली आहे. झाड कधीच तोडू नका असे तो म्हणत नाही. आधी कष्ट करून पाहू, आणि तरीही फळ आले नाही तर तोडा, असे म्हणतो. दुरुस्तीचा विचारही असाच असावा. त्यात आशा हवी आणि मुदतही हवी.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. आपल्या लोहा, अहमदपूर, उदगीर, देगलूरकडच्या रस्त्यांवर एके काळी दुधाच्या कॅन घेऊन धावणारी राजदूत आठवा. त्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावे लागे आणि ते विसरले की पिस्टन जाम होई. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली, तेव्हा तिची जाहिरात अशी होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या सोयीचे ते कौतुक होते आणि सोय ही वाईट गोष्ट नव्हे. पण ‘वापरा आणि विसरा’ ही सवय हळूहळू गाडीवरून इतर गोष्टींवर आणि मग माणसांवरही उतरते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल जो इशारा दिला, तो याच सवयीबद्दल आहे. जुनी गाडी दुरुस्त करणारा मुलगा निदान एका वस्तूच्या बाबतीत विसरायला नकार देतो. ती खोलतो, प्रत्येक नट कुठला होता हे लक्षात ठेवतो, ती कशाने बिघडली हे समजून घेतो. हे लक्ष देणे हाच एक सद्गुण आहे.

तरी हिशेब हवाच. मनोरा बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात, असे प्रभू येशूनेच शिकवले आहे. आपल्या किती अंगणांत असे अर्धवट मनोरे दोन चाकांवर उभे आहेत! इंजिन एका पोत्यात, टाकी दुसरीकडे आणि पैसे संपलेले. म्हणून खोलण्याआधी पाहावे की चेसिस सरळ आहे का, वाकली किंवा तडकली आहे का, तिचे सुटे भाग आज मिळतात का, कागदपत्रे आहेत का. सिलेंडर झिजला की लेथवर बोअर करून थोड्या मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. पण सिलेंडरची भिंत काही वाटेल तितकी जाड नसते. ठरावीक मापे संपली की नवी स्लीव्ह घालावी लागते किंवा सिलेंडरच बदलावा लागतो. दुरुस्तीलाही मर्यादा आहे हे धातू आपल्याला सांगत असतो.

ॲरिस्टॉटलने औदार्याला उधळपट्टी आणि कंजूषपणा यांच्या मधले स्थान दिले. आपल्या भाषेत त्या जागेजवळ एक सुंदर शब्द आहे, काटकसर. कंजूष माणूस झिजलेला टायर आणखी एक पावसाळा चालवतो. उधळ्या माणूस उसने पैसे काढून चमकते अलॉय बसवतो. काटकसरी माणूस टायर नवा घेतो आणि जुने चाक घासूनपुसून वापरतो. तिघांच्या खिशात पैसे सारखेच असू शकतात. फरक विवेकात असतो.

गाडी तीच राहिली का?

आता दुसरा प्रश्न. टाकी बदलली, सीट बदलली, पिस्टन नवा, चाके दुसऱ्या गाडीची. मग ही ‘बाबांची गाडी’ राहिली का?

हा प्रश्न फार जुना आहे. अथेन्सचे लोक थेसियस या वीराचे जहाज जपत असत आणि कुजलेली फळी काढून नवी बसवत असत, असे प्लुटार्क सांगतो. जहाज तेच की दुसरे, यावर तेथील विचारवंत वाद घालीत. सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात आणखी एक पेच टाकला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचेच जहाज बांधले तर खरे कोणते? आपल्या गॅरेजवाल्याने तुमच्या गाडीचे काढलेले सगळे भाग पोत्यात साठवून त्यांची दुसरी गाडी उभी केली, तर वाद थेट पंचांपुढेच जाईल!

आपल्या देशातही हा प्रश्न विचारला गेला आहे. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात नागसेन रथाचे उदाहरण घेतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. तर सगळे भाग मिळून आपण दिलेले ते एक नाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादेत उभारलेल्या महाविद्यालयाचे नाव याच मिलिंद राजावरून आहे. मराठवाड्याच्या मातीत हा संवाद परका नाही.

ख्रिस्ती विचारवंतांनी यावर काय म्हटले? संत थॉमस अक्विनास यांनी शरीराच्या पुनरुत्थानाचा विचार करताना अग्नीचे उदाहरण घेतले. लाकडे जळून जातात, नवी घातली जातात, तरी अग्नी तोच राहतो. आपण रोज जेवतो, शरीरातले द्रव्य बदलत राहते, तरी माणूस तोच असतो, कारण शरीराला एकत्र धरणारा आत्मा तोच असतो. माणसाच्या बाबतीत नागसेनाशी आपला मतभेद इथेच आहे. माणूस हे केवळ भागांना दिलेले नाव नाही. देव प्रत्येकाला नावाने ओळखतो आणि आपण किती बदललो तरी ती ओळख त्याच्यापाशी सुरक्षित असते.

गाडीला मात्र आत्मा नाही. तिची ओळख देवाने तिच्यात ठेवलेली नाही. ती आपण माणसांनी ठरवलेली आहे. चेसिसवर ठोकलेला क्रमांक, आरसीवरची नोंद, एमएच २६ किंवा एमएच २४ ने सुरू होणारी पाटी, आणि विकणाऱ्याचा शब्द, एवढ्यावरच ती टिकून असते. म्हणूनच इथे खरेपणाला इतके महत्त्व आहे. वस्तूची ओळख जर आपल्या शब्दावर उभी असेल, तर तो शब्द खोटा पडला की सगळेच कोसळते. चेसिस क्रमांक घासून दुसरा ठोकणे, दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवून नोंद न करणे, गाडी विकूनही नावावर न करून देणे, या गोष्टींना आपण ‘चालतं हो’ म्हणतो. उद्या त्या गाडीने कोणाला उडवले तर पोलीस निरपराध माणसाच्या दारात उभे राहतात. हे आठव्या आज्ञेचे उल्लंघन आहे, खोट्या साक्षीचे.

सातवी आज्ञाही जवळच उभी आहे. एखादा भाग बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, बिल नाही, विकणारा घाईत आहे, कुठून आला विचारले तर हसतो. तेव्हा तो भाग कोणाच्या तरी चोरीला गेलेल्या गाडीचा असण्याची शक्यता आपल्या मनाला आधीच कळलेली असते. ज्याची गाडी गेली तोही बेताच्या पैशांचाच माणूस असतो. आपली गरिबी दुसऱ्या गरिबाला लुटण्याचा परवाना देत नाही. भंगारवाल्याकडून उघडपणे, पावती घेऊन जुना भाग घेणे वेगळे, आणि न विचारता घेणे वेगळे.

न दिसणाऱ्या जागा

आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा हाती दहा हजार रुपये आहेत. टाकीवर नवा रंग आणि पट्टे मारायचे, की ब्रेक शू, केबल, चेन-स्प्रॉकेट, टायर आणि वायरिंग करायचे? रंग सगळ्यांना दिसतो. ब्रेक शू ड्रमच्या आत असतो, तो कोणालाच दिसत नाही. पैसा भरपूर असता तर दोन्ही झाले असते आणि आपले मन कुठे आहे हे कोणालाच, आपल्यालाही, कळले नसते. पैसा थोडा असतो तेव्हाच ते उघडे पडते. आपण धन जिथे ठेवतो तिथेच आपले मन गुंतते, हे प्रभूचे शिक्षण गॅरेजच्या बिलावर वाचता येते.

सद्गुण म्हणजे प्रेमाला लागलेला योग्य क्रम, असा विचार संत ऑगस्टीन यांनी मांडला. सुंदर रंगावर प्रेम करणे पाप नाही. पण त्याच्या आधी ज्यावर प्रेम करायला हवे ते मागे राहिले, तर चांगली गोष्टही वाईट होते. गाडीच्या बाबतीत क्रम सरळ आहे. प्रथम कागदपत्रे. मग गाडी थांबवणाऱ्या गोष्टी, म्हणजे ब्रेक आणि टायर. मग दिसण्या-दाखवण्याच्या गोष्टी, म्हणजे पुढचा दिवा, मागचा दिवा, इंडिकेटर. मग ओढणारे इंजिन आणि चेन. सर्वांत शेवटी रंग. आणि या सगळ्याच्या बरोबरीने डोक्यावर हेल्मेट.

लातूर जिल्ह्याला हा धडा आम्ही नव्याने शिकवण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे आपल्याच घरांखाली गेली. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. बाहेरून ती घरे भक्कम दिसत. आत मात्र भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकींशी बांधणारे लांब दगड नव्हते, धक्का सोसणारा पट्टा नव्हता. भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. पण इतर पुष्कळ गावांत जुनी घरे न पाडता त्यांना बळकटी देण्याचे काम झाले. भिंतीत आरपार बांधणी, सज्जाच्या उंचीवर पट्टा, छतावरची माती कमी करणे. यातले बहुतेक काम गिलाव्याखाली झाकले गेले. आज ते कोणाला दिसत नाही, पण जमीन पुन्हा हलली तर माणसे वाचवणारे तेच आहे. दुरुस्तीचा पहिला प्रश्न ‘कशी दिसेल?’ हा नाही. ‘संकटाच्या क्षणी आतल्या माणसाचे काय होईल?’ हा आहे.

पेट्रोलच्या टाकीचेही असेच आहे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टाकीला आतून गंज चढतो. ती बाहेरून घासून, पुट्टी लावून, प्रायमर मारून कितीही चकाकवली, तरी आतला गंज सुटून पेट्रोलबरोबर कार्बोरेटरमध्ये जातो आणि गाडी नेमकी रस्त्याच्या मध्यावर बंद पडते. जाणता मेकॅनिक रंगाआधी टाकी उतरवून आत नट किंवा खडे घालून ती खळखळून हलवतो, धुतो, पुन्हा धुतो. प्याल्याची बाहेरची बाजू घासणाऱ्या आणि आतून मळलेल्या परूश्यांना येशू जे बोलला ते आठवते. पापनिवेदनाच्या वेळी आपणही पुष्कळदा टाकीला बाहेरूनच रंग देतो. गेल्या वर्षीचीच यादी म्हणून दाखवतो आणि गंज आत तसाच ठेवून घरी जातो.

सजावट कोणासाठी?

आता सजावटीबद्दल. आपली गाडी इतरांपेक्षा वेगळी दिसावी ही इच्छा तरुणपणी असते. आम्ही तिला नाक मुरडत नाही. देवाने दोन पाने सारखी केली नाहीत, मग माणसाच्या हाताने थोडे वेगळेपण केले तर काय बिघडले? हातात कला असेल तर ती वापरावी. जुन्या चामड्याची सीट शिवणे, क्रोम घासून पुन्हा उजळवणे, नेटक्या अक्षरांत नाव रंगवणे, यात खर्चही कमी असतो.

पण एक कसोटी लावावी. या बदलाची किंमत कोण मोजणार? काही जण साडी गार्ड कापून टाकतात, मागचा पायदान काढतात, लांब सीट कापून एकट्यापुरती करतात. गाडी देखणी दिसते. मग आई दवाखान्यात कशावर बसून जाणार? मागे बसलेल्या बहिणीची ओढणी चाकात गेली तर? मागच्या माणसासाठी पकडायला हात, ठेवायला पाय आणि चाकाला आडोसा असावा असा नियम केंद्र सरकारच्या मोटार वाहन नियमांतच आहे. कायद्याला जो मागचा माणूस आठवला तो आपल्याला आठवू नये का? सायलेन्सरची जाळी काढून फटाके फोडल्यासारखा आवाज करणाऱ्याचा खर्च तो स्वतः भरत नाही. तो भरतो शेजारच्या घरातला आजारी म्हातारा, झोपलेले बाळ, आणि लातूरच्या खोल्यांमध्ये रात्र-रात्र बसून परीक्षेची तयारी करणारी मुले.

आरसीवर नोंदलेले तपशील आणि गाडी यांच्यात फरक पडेल असे मूळ रचनेतले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने रोखले आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी शिक्षाही कडक झाली आहे. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा. दंडाची भीती हे चांगले वागण्याचे लहानसे कारण आहे, शेजाऱ्यावरचे प्रेम हे मोठे.

या संदर्भात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१३ साली हार्ले-डेव्हिडसन कंपनीने पोप फ्रान्सिस यांना एक मोटारसायकल भेट दिली. त्यांनी टाकीवर सही केली आणि ती लिलावाला दिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये पॅरिसच्या लिलावात तिचे दोन लाख एक्केचाळीस हजारांहून अधिक युरो आले. ते रोम शहरातील रेल्वे स्थानकाजवळच्या कारितासच्या निवाऱ्यासाठी आणि अन्नछत्रासाठी गेले. एवढी मोठी सजावट कोणत्याच मोटारसायकलची झाली नसेल, आणि ती होती एक सही. गाडी मिरवण्यापेक्षा तिने कोणाची सोय होते, हे पाहायला त्यातून शिकावे. आपली सुधारलेली गाडी रात्री-अपरात्री शेजारच्या रुग्णाला दवाखान्यात नेण्यासाठी उपयोगी पडली, तर तिच्यावर खर्चलेला प्रत्येक रुपया देवाच्या हिशेबात जमा होतो.

व्रण राहू द्यावेत

शेवटी एक गोष्ट. जुनी गाडी सुधारताना तिचा प्रत्येक पोचा, प्रत्येक ओरखडा नाहीसा करावा असे अनेकांना वाटते आणि तिथेच पैसे संपतात. ज्या पोच्याने धोका नाही तो राहिला म्हणून काही बिघडत नाही. टाकीवरचा तो खड्डा वडील घसरून पडले त्या दिवसाचा असेल. सीटखालचे वेल्डिंग त्यांनी दुष्काळाच्या वर्षी नवी फ्रेम परवडत नव्हती म्हणून करून घेतलेले असेल. ते घट्ट आहे ना, एवढे तपासून घ्यावे.

पुनरुत्थित प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा त्याचे शरीर गौरवी होते, मृत्यूची त्याच्यावर सत्ता उरली नव्हती. तरीही हातांवर खिळ्यांचे व्रण होते आणि त्या व्रणांवरूनच थोमाने त्याला ओळखले. देव आपल्याला नवे करतो तेव्हा आपला भूतकाळ पुसून कोणी दुसराच माणूस बनवत नाही. आपल्यातील जे मोडले आहे ते तो बरे करतो, जे जीवघेणे आहे ते काढून टाकतो, आणि व्रण ठेवतो. त्याच्या कामातही हाच क्रम आहे. आधी जीव वाचवणे, मग शोभा.

म्हणून आयांना आमची विनंती आहे की मुलाने जुनी गाडी बाहेर काढली तर लगेच रागावू नका. आधी विचारा, ‘ब्रेकचं काय केलंस?’ आणि तरुणांना सांगणे आहे की त्या प्रश्नाचे उत्तर देता येईपर्यंत रंगाच्या दुकानाकडे जाऊ नका. अपघातात गेलेल्या तरुणांच्या अंत्यविधीची मिस्सा आम्ही अर्पण केली आहे. त्या घरांत गाडीचा रंग कोणता होता हे कोणी आठवत नाही.

प्रभू आपणा सर्वांना विवेक देवो, आपल्या प्रवासात सोबत राहो आणि सर्वांना सुखरूप घरी पोचवो. आमेन.

आपले धर्मगुरू